नानांचा सामाईक लॅपटॉप

जळगावात खोली भाड्याने घ्यायला गेले तेव्हा घरमालकांनी मला लग्नाचं विचारलं नाही, मांसाहाराचं विचारलं नाही, की घरी किती वाजता येता हेही विचारलं नाही. त्यांनी टेप काढली. एक टोक माझ्या हातात दिलं, "ताई, त्या कोपऱ्यात धरा," म्हणाले, आणि आम्ही दोघांनी मिळून खोली मोजली. मग एका कागदावर खोलीची चतुःसीमा लिहिली. पूर्वेस पाण्याची टाकी, पश्चिमेस घरच्या वाळवणाची जागा, उत्तरेस जिना, दक्षिणेस शेजाऱ्यांचा शेवगा, सदर शेवग्याच्या शेंगांवर भाडेकरूचा हक्क नाही. खाली माझी सही घेतली. मी कॉलेजात गणित शिकवते, मोजमापाला भीत नाही. पण मागायच्या आधीच शेंगांवरचा हक्क गेला याची चुटपुट मात्र बरेच दिवस लागून राहिली.

सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची, म्हणून मीही. आयुष्यभर मोजणी खात्यात सर्व्हेअर होते. धरणगाव, एरंडोल, पारोळा, जिथे बदली झाली तिथले भाऊ भाऊ, काका पुतणे यांच्यामध्ये उभं राहून त्यांनी दगड रोवले. निवृत्त झाले तरी पाय मोजणी सोडेनात. मारुतीचं देऊळ घरापासून चारशे बारा पावलं. गुडघा दुखायला लागला तेव्हा तेच देऊळ साडेचारशेवर गेलं. "देऊळ लांब गेलं," असं ते अगदी गंभीरपणे सांगत. कलिंगड कापायचं झालं की सुरी नानांच्या हातात, पण फोड उचलायचा त्यांचा नंबर शेवटचा. "वाटणी करणाऱ्यानं शेवटी उचलायचं ताई. मग सुरी वाकडी जात नाही." अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, यावर म्हणत, "आमच्या लग्नात अंतरपाट बरोबर मधोमध आहे का तेसुद्धा यांनी वाकून पाहिलं होतं. भटजी घाबरला बिचारा."

असा माणूस लॅपटॉप कसा वापरत असेल याची मला पहिल्यापासून उत्सुकता होती. माझा स्वभाव मुळातच चौकशीखोर. आमच्या फैजपूरकडे याला 'नाक लांब असणं' म्हणतात, आणि ते मला लहानपणापासून ऐकवलं गेलंय.

लॅपटॉप होता लहानसा, शाळेतल्या पाटीपेक्षा थोडा मोठा. लाल झाकण, एका कोपऱ्याला चिकटपट्टी. बॅटरी केव्हाच गेलेली, त्यामुळे वायर काढली की त्याचा प्राण गेला. आत जागाही बेताचीच, हल्लीच्या फोनात असते त्याहून कमी. तो सुरू केला की आधी काळा पडदा यायचा आणि त्यावर दोन ओळी. एका ओळीत लिनक्स, दुसरीत विंडोज, यंत्र चालवायच्या दोन निराळ्या पद्धती. बाण हलवायचा, एक निवडायची, मग पुढे. एवढ्याशा यंत्रात दोन संसार.

हे मी दुसरीकडेही पाहिलं होतं. पण इतरांच्या यंत्रात दहा सेकंद मोजले जातात, आणि तोवर तुम्ही काही निवडलं नाही तर पहिलं आपोआप उघडतं. नानांचं यंत्र आपोआप काही उघडत नसे. आकडे नाहीत, घाई नाही. तुम्ही जेवून आलात तरी ते तसंच थांबलेलं.

"नाना, आकडे का काढून टाकले?"

"कोणाला आधी बोलवायचं हे यंत्र कोण ठरवणार?" ते म्हणाले. "दोन्ही हिस्सेदार सारखे."

दुसरा हिस्सेदार कोण ते त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलं नाही, कारण तेव्हा मला वाटलं की ते विंडोज आणि लिनक्सबद्दलच बोलताहेत.

एरवी नाना फक्त लिनक्स उघडत. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी मात्र निराळाच कार्यक्रम. सकाळी दहाच्या सुमाराला आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून ते बैठकीतल्या पलंगावर बसत. पुढे स्टुलावर लॅपटॉप. त्या दिवशी बाण खाली नेऊन विंडोजची ओळ निवडत. पडद्यावर 'आबा' हे नाव यायचं आणि खाली पासवर्डची रिकामी चौकट. नाना मऊ फडक्याने कळा पुसत, वायर नीट घुसलीय का पाहत, आणि नुसते बसून राहत. बसत तेही पलंगाच्या डाव्या बाजूला, उजवीकडे एका माणसाची जागा सोडून. दहा-पंधरा मिनिटं गेली की यंत्र बंद. पासवर्ड कधी टाकला नाही. टाकायचा प्रयत्नही नाही.

तीन रविवार मी जिन्यातून पाहिलं. चौथ्या रविवारी मला राहवेना. खाली जाऊन अक्कांबरोबर मेथी निवडायला बसले. निवडणं हे निमित्त आहे हे अक्कांना कळत होतं. त्यांनी जुडी माझ्याकडे सरकवली आणि सगळं सांगितलं.

आबा म्हणजे नानांचा धाकटा भाऊ. धुळ्याला असतात. एका कचेरीत कारकुनी केली, सगळा जन्म टायपिंगमध्ये गेला. दोघा भावांचं गाव तापीकाठी होतं. धरण झालं तेव्हा गाव पाण्यात गेलं, आणि माळावर त्याच नावाचं नवं गाव बसलं. दोघेही निवृत्त झाल्यावर एका लग्नात भेटले आणि त्यांच्या डोक्यात आलं की बुडालेल्या गावाचा नकाशा काढायचा. सरकारी नकाशात शेतं होती, हद्दीचे दगड होते; घरं कोणाची ते नव्हतं, झाडं नव्हती, म्हशी कुठल्या वाटेने नदीवर जायच्या ते नव्हतं. ते सगळं दोघांच्या डोक्यात होतं आणि आणखी थोडी वर्षं राहणार होतं. म्हणून दोघांनी निम्मे निम्मे पैसे घालून हा लॅपटॉप घेतला. सामाईक. तेव्हा त्यात एकटं विंडोज होतं. आबा एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी धुळ्याहून एसटीने यायचे, दहापर्यंत पोचायचे, पलंगावर उजवीकडे बसायचे.

"मग?"

"मग चिंच आली," अक्का म्हणाल्या.

त्यांच्या शेतात विहीर होती आणि विहिरीजवळ चिंच. नाना म्हणत, चिंच विहिरीच्या अलीकडे, गावाच्या अंगाला. आबा म्हणत, पलीकडे, नदीच्या अंगाला. नानांनी त्या बाजूची सगळी मापं चिंचेपासून धरलेली. चिंच हलली की मागची अख्खी आळी हलणार. आणि आबा लहानपणी त्याच चिंचेवरून पडलेले, मोडका हात धरून घरापर्यंत चालत गेलेले. "ज्याचा हात मोडला त्याला झाड कुठं होतं ते कळत नाही का?" असं ते म्हणाले. त्यावर नाना म्हणाले, "डोळा घरचा, साखळी सरकारची." मोजणीची साखळी हातात धरून हे वाक्य त्यांनी हयातभर भांडणाऱ्या भावांना ऐकवलं होतं. स्वतःच्या भावाला ऐकवायला नको होतं. आबांनी चष्मा खिशात घातला.

ज्या जागेवरून भांडण झालं तिच्यावरून आता मासे फिरत होते. पण भांडणाला पाण्याचं काय सोयरसुतक?

"मग यांनी वाटणी केली," अक्का म्हणाल्या. "लॅपटॉपची."

नानांनी कोणाकडून तरी शिकून त्या यंत्राच्या पोटात बरोबर मध्यावर रेघ मारली. आबांना म्हणाले, तू आधी उचल. आबांनी विंडोज असलेला हिस्सा घेतला. त्यांचा हात त्यावर बसलेला. नानांनी आपल्या मोकळ्या हिश्श्यात लिनक्स टाकलं, ते जुन्या यंत्रावर हलकं चालतं म्हणून. नकाशाच्या दोन प्रती केल्या. तुझी चिंच तुझ्या हिश्श्यात, माझी माझ्या. आबा त्यानंतर दोनदा आले, शेजारी बसून एक अक्षर न बोलता आपापल्या पाळीने काम केलं. मग आपल्या बाजूला पासवर्ड घातला आणि यायचे बंद झाले. त्याला चार वर्षं होऊन गेली होती.

"आणि नाना दर पाळीला ते उघडून बसतात?"

"पडीक जमिनीतून लोक वाट पाडतात म्हणे. म्हणून." अक्कांनी मेथीच्या काड्या गोळा केल्या. "मला विचाराल तर वाट बघतात. पण त्याला वाट बघणं म्हणायचं नाही. वहिवाट म्हणायचं."

मला नानांचा राग आला आणि गंमतही वाटली. फोन हातात असताना माणूस पासवर्डच्या चौकटीपुढे आंघोळ करून बसतो, हे कुठल्या शहाणपणात बसतं? पण त्यानंतर पाळीच्या रविवारी मी जिना उतरताना चपला हातात घ्यायला लागले.

पुढच्या चैत्रात नव्या गावाहून तीन माणसं आली. शाळेच्या मोठ्या भिंतीवर जुन्या गावाचा नकाशा लावायचा होता. "नाना, दिवाळीपर्यंत द्या. आणि एकच द्या," सरपंच म्हणाले. चिंचेची कीर्ती तिथपर्यंत पोचलेली दिसत होती. नाना झपाटल्यासारखे कामाला लागले. लोकांकडून जुने फोटो मागवले, कोणाच्या ओसरीचे, कोणाच्या बैलांचे. ते भरता भरता त्यांच्या हिश्श्यातली जागा संपली.

मी म्हणाले, "नाना, त्या बाजूचं तर कोणी वापरतच नाही. थोडी जागा..."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी वाक्य गिळलं. बांध कोरणं, म्हणजे शेजाऱ्याच्या हद्दीचा बांध दरवर्षी नांगराने थोडा थोडा खाणं, हे नानांच्या लेखी सगळ्यात नीच पाप. चोर निदान घाबरत तरी असतो, असं ते म्हणत.

आणि मे महिन्यात एका दुपारी त्यांनी तेच केलं.

मी वर पेपर तपासत होते. बाहेर जळगावचं ऊन, रस्त्यावर कुत्रंही नाही. नाना खाली रेघ सरकवत होते. फार नाही, दोन जीबी. यंत्रावर लिहून आलं होतं की काम पूर्ण होईपर्यंत वीज बंद करू नका. आणि आतल्या खोलीत अक्कांनी उकाड्याने हैराण होऊन कूलर लावला, तिकडे शेवया भाजायला लावलेली शेगडीही विजेचीच. घराचा फ्यूज उडाला. बॅटरी नसलेला लॅपटॉप जागच्या जागी विझला.

मी खाली आले तेव्हा नाना काळ्या पडद्यापुढे बसले होते. अक्का दारात उभ्या, हातात झारा. "माझ्यामुळे झालं का हो?" त्या विचारत होत्या.

"नाही," नाना म्हणाले. "मी बांध कोरला."

संध्याकाळी मी आमच्या कॉलेजच्या संगणकाच्या मॅडमना घेऊन आले. त्या दोन तास बसल्या. दोन ओळी परत आल्या. नानांची बाजू उघडली, सगळं जागेवर होतं. मग आबांची ओळ दाबली. बराच वेळ गोल फिरलं, तपासणी चालली, आणि शेवटी 'आबा' हे नाव आणि रिकामी चौकट आली.

"आतल्या फायली शाबूत आहेत का?" मी विचारलं.

"आत गेल्याशिवाय सांगता येत नाही. पासवर्ड?"

नानांनी मान हलवली.

"हरकत नाही," मॅडम म्हणाल्या. "लिनक्सच्या बाजूने तो हिस्सा नुसता उघडून बघता येतो. पासवर्ड लागत नाही. दोन मिनिटांचं काम."

"माहीत आहे," नाना म्हणाले.

"मग बघितलं का नाही कधी?"

"चार वर्षांपासून माहीत आहे," नाना म्हणाले. "म्हणूनच नाही बघितलं."

मॅडम माझ्याकडे बघायला लागल्या. एका माणसाला चार वर्षं बांधावरून नुसतं पलीकडे डोकावता येत होतं, भावाने चिंच हलवली का, अजून रागावलाय का, सगळं कळलं असतं. आणि तो दर पाळीला चौकटीपुढे बसून उठून जात होता. अशा माणसाने दोन जीबीसाठी हद्द सरकवली होती, आणि आता पलीकडे भावाचं अख्खं गाव दुसऱ्यांदा बुडालं की काय ते त्याला ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नानांनी नोटीस लिहिली. मला शुद्धलेखनासाठी दाखवली. 'आपणांस कळविण्यात येते की, सामाईक लॅपटॉपमधील आपल्या हिश्श्यात निम्नस्वाक्षरीकाराने आपणांस पूर्वसूचना न देता दोन जीबी अतिक्रमण केले असून त्यात आपल्या नकाशाचे नुकसान झाल्याचा संभव आहे. तरी आजपासून पंधराव्या दिवशी सकाळी अकरा वाजता आपल्या राहत्या घरी समक्ष पाहणी करण्यात येईल.' खाली सही, आणि त्याखाली बारीक अक्षरात, 'गुडघा दुखतो आहे, पण येतो.' ती टपालाने गेली. उत्तर आलं नाही.

पंधराव्या दिवशी नाना म्हणाले, "ताई, पाहणीला पंच लागतो. सुट्टी आहे ना?" मला नुसतं विचारायचा अवकाश होता.

एसटीत त्यांनी लॅपटॉप मांडीवर धरला होता, टॉवेलात गुंडाळून. एरंडोल आलं, पारोळा आलं. एरवी प्रत्येक शिवारात कोणाची वाटणी कशी झाली ते सांगणारा माणूस खिडकीबाहेर बघतसुद्धा नव्हता. एकदाच बोलले. "गेलं असेल तर काय सांगायचं?"

मी टॉवेलाचं सुटलेलं टोक खोचलं.

धुळ्याच्या त्या घराचं दार उघडंच होतं. आबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. नानांचंच तोंड, फक्त मिशी जास्त. अंगात धुतलेला सदरा. हातात आमची नोटीस होती, घडीवर झिजलेली.

"काबरं उनास?" आबांनी अहिराणीत विचारलं. का आलास.

"नोटीस धाडी व्हती ना."

"ती तर वाची मी." आबांनी माझ्याकडे बघितलं. "ह्या कोण?"

"पंच," नाना म्हणाले.

आबांनी मला नमस्कार केला, आत हाक मारून पाणी मागवलं आणि लॅपटॉपसाठी स्टूल ओढलं. वायर लावली. दोन ओळी आल्या. आबांनी बाण खाली नेला. चौकट आली. नाना मागे उभे. आबांनी खिशातून चष्मा काढला, कळांवर बोटं ठेवली आणि काहीतरी टाइप केलं. चुकीचं. पुन्हा केलं. चुकीचं. तिसऱ्यांदा बोटं कळांवर नुसती राहिली.

"बिघडी गयं का रे?" नानांचा आवाज फाटला. "मनी चूक शे. मी तठे हात लावाले नको व्हता."

"तुनी चूक नही," आबा म्हणाले. त्यांची मान खाली होती. "माले पासवर्डच याद नही."

मग आबाच माझ्याकडे वळून मराठीत बोलू लागले, भावाला सांगायचं ते पंचाला सांगितल्यासारखं. पासवर्ड रागात घातला होता. पुढच्या पाळीला यायला निघाले तर आठवेना. बसस्टँडपर्यंत जाऊन परत आले. तिथे जाऊन काय सांगायचं? ऐटीत कुलूप लावलं आणि किल्ली हरवली? आज आठवेल, उद्या आठवेल करत महिने गेले. मग इतके दिवस का आलो नाही हेही सांगावं लागलं असतं. "ताई, माणूस रागानं चार दिवस लांब राहतो. पुढचं सगळं लाजेनं."

नाना पुढे झाले, स्टुलापाशी वाकले, पण कळांना हात लावला नाही.

"एकशे सत्तेचाळीस," ते म्हणाले. "मग आडवी रेघ नही, तिरपी. मग दोन."

तो त्यांच्या बुडालेल्या शेताचा नंबर होता.

"तुले कसं माहीत?"

"तुनी सायकलना कुलूपले बी तोच व्हता. शाळामा." नाना सरळ झाले. "तुले दुसरा नंबर येस का कुठला?"

आबांनी हळूहळू टाइप केलं. गोल फिरलं. आणि उघडलं.

काही फोटो गेले होते, ते आम्हाला नंतर कळलं. नकाशा मात्र होता. आबांनी तो मोठा केला. नदी आली, घाट आला, आळी आली, शेत, विहीर. आणि विहिरीच्या पलीकडे, नदीच्या अंगाला, हिरवा गोल. नाना बराच वेळ त्या गोलाकडे बघत होते. मी पंच म्हणून तयारीत होते. आता हा माणूस रडणार, असा माझा अंदाज होता.

"चूक शे," नाना म्हणाले.

"काय चूक शे?"

"चिंच अलीकडे व्हती."

"मना हात मोडना तठे! मी सांगस ना!"

आणि जी जुंपली. चार वर्षांचं साठलेलं. आबांच्या पत्नी जेवायचं वाढून दोनदा बोलवायला आल्या, दोनदा परत गेल्या. तिसऱ्यांदा मला म्हणाल्या, "तुम्ही तरी चला ताई, शेवभाजी गार होईल. यांचं आता चालू राहू द्या." मी जेवले. बाहेरून दोघांचे चढलेले आवाज येत होते आणि त्या माउली पदराने डोळे पुसत मला भाकरी वाढत होत्या.

परतीच्या एसटीत नाना टॉवेलातलं गाठोडं मांडीवर घेऊन पारोळ्याच्या आधीच झोपले. त्या दिवशी ठरलं होतं की पाहणी अपुरी राहिल्यामुळे येत्या रविवारी जळगावला पुढे चालू करायची. त्या रविवारी आबा दहापर्यंत पोचले. पलंगावर उजवीकडे बसले.

पुढल्या वर्षी मला भुसावळला नोकरी लागली आणि मी खोली सोडली. नानांनी खोली पुन्हा मोजून ताब्यात घेतली आणि निघताना शेवग्याच्या पाच शेंगा माझ्या पिशवीत ठेवल्या. शेजाऱ्यांना विचारून, असं आवर्जून सांगितलं.

नवं गाव मी परवा पहिल्यांदा पाहिलं, एका परीक्षेच्या कामाने त्या बाजूला गेले तेव्हा. शाळेची ती भिंत नकाशाने भरली आहे. घरांवर नावं आहेत, म्हशींची वाट आहे. पुढे एक म्हातारी बसली होती. मला म्हणाली, बाई, बठ्ठं, सगळं गाव बरोबर शे, नुसती चिंच तेवढी आमच्या गावात एकच होती. मी वाकून पाहिलं. विहिरीच्या अलीकडे एक हिरवा गोल होता आणि पलीकडे एक. दोन्ही अगदी एका मापाचे. खाली कोपऱ्यात दोन सह्या, आणि नानांच्या मोजणी खात्याच्या अक्षरात एक ओळ होती:

'चिंच, नग दोन. दोन्ही सहहिस्सेदार समक्ष हजर. तक्रार नाही.'